‘मग बाबा का नाही उठले?’

वाचकाचं पत्र:

‘पाच महिन्यांपूर्वी माझे पती झोपेतच गेले. वय एकेचाळीस. आदल्या रात्री आमचं एका क्षुल्लक गोष्टीवरून भांडण झालं होतं. मी त्यांच्याशी शेवटचं जे बोलले ते कडूच होतं. मुलगा नऊ वर्षांचा आहे. मंडळीतले लोक प्रेमाने वागतात, पण भेटला की प्रत्येक जण तेच सांगतो, “रडू नकोस, ते प्रभूजवळ आहेत, आपण आशा असलेली माणसं.” मी मान हलवते आणि घरी येऊन दार लावून रडते. बारा वर्षं मी चर्चच्या गायनवृंदात आहे. मागच्या आठवड्यात ईस्टरच्या गीतांचा सराव सुरू झाला. रिकाम्या कबरेचं कडवं आलं आणि माझा आवाजच फुटेना. वही मिटून निघून आले. त्याच रात्री दिवा मालवल्यावर मुलाने विचारलं, “आई, येशू तिसऱ्या दिवशी उठला ना? मग बाबा का नाही उठले?” मी झोपेचं सोंग घेतलं. यंदा ईस्टरला जाऊच नये असं वाटतं. पुनरुत्थानाचा माझ्यासाठी नेमका अर्थ काय? हे खरंच घडलं, की मरण सोसवत नाही म्हणून माणसांनी रचलं? असं मनात येतं म्हणजे माझा विश्वास गेला का?’

– एक आई

प्रिय ताई,

तुमचं पत्र तीनदा वाचलं. झोपेचं सोंग घेतलंत त्याबद्दल स्वतःला दोष देऊ नका. दिवसभर कशीबशी सावरलेली बाई अंधारात अचानक आलेल्या त्या प्रश्नाला काय उत्तर देणार? पण तो प्रश्न मुलाच्या मनात अजून जागा आहे. एक तर तो पुन्हा विचारील, नाही तर विचारायचं सोडून देईल. मला दुसऱ्या शक्यतेची जास्त काळजी वाटते. म्हणून आधी त्याच्याकडे वळतो. तुमचे प्रश्नही त्याच्याच प्रश्नाच्या पोटात आहेत.

तुमच्या मुलाने जे विचारलं ते ख्रिस्ती मंडळीच्या पहिल्याच पिढीने विचारलं होतं. इ. स. ५० च्या सुमारास थेस्सलनीका शहरातले नवे विश्वासणारे असेच बावरून गेले होते. येशू उठला, तो पुन्हा येणार, हे त्यांनी ऐकलं होतं. आणि मग त्यांच्यातलीच माणसं मरू लागली. त्यांचं काय? ती मागे राहिली का? त्यांना धीर देण्यासाठी प्रेषित पौलाने जे पत्र लिहिलं ते नव्या करारातल्या सर्वांत जुन्या लिखाणांपैकी आहे. म्हणजे आपल्याकडे लेखी आलेल्या अगदी सुरुवातीच्या ख्रिस्ती शब्दांमध्ये ‘मग आमची माणसं का नाही उठली?’ या प्रश्नाचं उत्तर आहे. तुमचा मुलगा योग्य जागी बोट ठेवतोय.

चार-पाच वर्षांनी करिंथ शहरातल्या मंडळीला लिहिताना पौलाने या उत्तराला एक शब्द दिला: प्रथमफळ. ख्रिस्त हा महानिद्रा घेणाऱ्यांतलं, म्हणजे मेलेल्यांतलं, प्रथमफळ आहे. आपण हा शब्द इतक्या वेळा ऐकतो की त्यातलं शेत आपल्याला दिसेनासं होतं. जुन्या करारातल्या लेवीय पुस्तकात सांगितलं आहे की पीक कापायला घेतलं की पहिली पेंढी याजकाकडे आणायची आणि शब्बाथाच्या दुसऱ्या दिवशी त्याने ती परमेश्वरासमोर ओवाळायची. हे वल्हांडण या यहूदी सणाच्या दिवसांतलं, म्हणजे ज्या दिवसांत येशू मारला गेला आणि उठला त्याच दिवसांतलं. एक पेंढी ओवाळली जाते तेव्हा बाकीचं पीक शेतातच उभं असतं. ते अजून कापलेलं नसतं, काही पुरतं पिकलेलंही नसतं. पण ती पेंढी त्याच शेतातली असते, त्याच बियाण्याची. ती हातात आली म्हणजे मागचं पीकही येणार.

मुलाला हेच सांगा, त्याच्या भाषेत. दिवसाउजेडी, एकत्र काही काम करताना सांगा. समोरासमोर बसवून नको. ‘तू त्या रात्री विचारलंस ते मी ऐकलं होतं. मला तेव्हा बोलता आलं नाही. शेतात सगळ्यात आधी एक कणीस पिकतं ना, येशू तसा आहे. बाकीची कणसं त्याच दिवशी पिकत नाहीत. बाबा अजून उठलेले नाहीत. ते उठतील असं देवाने सांगितलंय आणि मी त्याची वाट बघतेय. वाट बघताना मला रडू येतं.’ एवढं पुरे. ‘बाबा तारा झाले’, ‘देवाला चांगली माणसं हवी असतात म्हणून नेलं’ असलं काही सांगू नका. पहिलं खरं नाही हे त्याला दोन वर्षांत कळेल. दुसऱ्याने त्याच्या मनात देवाची धास्ती बसेल, आणि ते पवित्र शास्त्रात कुठेही नाही. पौलाने तर प्रथमफळाच्या त्याच अध्यायात मृत्यूला शत्रू म्हटलं आहे, शेवटी नाहीसा होणारा शत्रू. तुमच्या नवऱ्याला ज्याने नेलं त्याला शत्रू म्हणायची मुभा आपल्याला आहे.

आता ‘रडू नकोस’विषयी. याबद्दल मला एक कबुली द्यायची आहे. मी अनेक वर्षं पाळकाचं काम केलं, कितीतरी अंत्यविधी चालवले. सुरुवातीच्या वर्षांत मीही हेच म्हणायचो. एकदा एका आजींना म्हणालो. त्यांच्या मुलाची पेटी नुकतीच खाली उतरवली होती. त्यांनी माझा हात धरला, वर बघितलं आणि म्हणाल्या, ‘साहेब, प्रभू लाजारासाठी रडला होता की नाही?’ मला खाली बघावं लागलं. त्यांच्या हाताला ओली माती लागली होती, ती माझ्या बाहीला लागली. त्यानंतर मी कुठल्याही कबरेपाशी ते वाक्य उच्चारलं नाही.

आजींचं म्हणणं नीट बघा. योहानाच्या शुभवर्तमानात येशू आपला मेलेला मित्र लाजार याच्या कबरेकडे निघतो तेव्हा आपण काय करणार आहोत हे त्याला ठाऊक आहे. थोड्याच वेळात लाजार बाहेर येणार आहे. तरी तो रडतो. आशा हाताशी असतानाही रडतो. तुम्हांला जे वाक्य सारखं ऐकवलं जातं, तेही मूळ पत्रात तसं नाही. पौल थेस्सलनीकाकरांना ‘खेद करू नका’ एवढंच म्हणून थांबत नाही. ज्यांना आशा नाही त्यांच्यासारखा खेद करू नका, असं म्हणतो. खेद आहे हे त्याने धरलेलंच आहे. वाक्याचा अर्धा भाग गाळून आपण दुःखी माणसाच्या डोक्यावर ओझं ठेवतो, आणि ते आपण प्रेमाने करतो म्हणून त्याला ‘नको’ही म्हणता येत नाही.

पहिल्या ईस्टरची सकाळही रडण्यानेच सुरू होते. येशूचे शिष्य पेत्र आणि योहान धावत येतात, कबरेत डोकावतात, तागाची वस्त्रं पाहतात, डोक्याचा रुमाल वेगळा गुंडाळून ठेवलेला पाहतात आणि परत जातात. मग्दालीया मरीया जात नाही. ती बाहेर उभी राहून रडते. देवदूत विचारतात, बाई, का रडतेस? ती म्हणते, माझ्या प्रभूला नेलं आणि कुठे ठेवलं ते मला माहीत नाही. तिला अजून मृतदेहच हवा आहे. मागे वळते तर येशू उभा, आणि तिला तो माळी वाटतो. इतक्या दिवसांचा ओळखीचा चेहरा समोर असून तिला ओळखू येत नाही. तो तिला समजावत बसत नाही, रडण्याबद्दल बोल लावत नाही. तो तिच्या नावाने हाक मारतो: मरीये. आणि ती वळून म्हणते, रब्बूनी, म्हणजे गुरुजी.

उठलेल्या ख्रिस्ताला सगळ्यांत आधी भेटली ती ही रडत थांबलेली बाई. आसवं पुसून, मन घट्ट करून मग ये, असं तिला कोणी सांगितलं नाही. तुम्ही सरावातून वही मिटून उठलात तेव्हा ईस्टरपासून दूर गेलात असं तुम्हांला वाटलं असेल. मला वाटतं तुम्ही मरीयेशेजारी जाऊन उभ्या राहिलात.

खरंच घडलं का, हा तुमचा प्रश्न मी टाळणार नाही. एखादी गोष्ट दिलासा देते म्हणून ती खरी मानावी असं मी कोणालाच सांगणार नाही, विधवेला तर नाहीच. पौलसुद्धा सांगत नाही. ख्रिस्त उठला नसेल तर आमचा उपदेश व्यर्थ, तुमचा विश्वास व्यर्थ, आणि आम्ही सगळ्यांत लाचार माणसं, असं तो स्वच्छ लिहितो. त्याच ठिकाणी तो साक्षीदार मोजतो: पेत्र, बारा जण, मग एकाच वेळी पाचशेहून अधिक, त्यांतले बहुतेक अजून हयात, मग याकोब. घटनेनंतर जेमतेम वीस-पंचवीस वर्षांनी हे लिहिलेलं आहे. जाऊन विचारा, असाच त्याचा सूर आहे.

आणि रचायचंच असतं तर असं कोणी रचलं असतं? त्या काळी बायकांच्या साक्षीला वजन नव्हतं. चारही शुभवर्तमानांत रिकामी कबर आधी बायकांनाच दिसते, आणि लूक सांगतो की प्रेषितांना त्यांचं बोलणं बाष्कळ वाटलं. दुसऱ्या शतकात सेल्सस नावाच्या टीकाकाराने, भ्रमिष्ट बाईच्या सांगण्यावर तुमचा धर्म उभा आहे, अशी टर उडवली होती. ही अडचण पहिल्या ख्रिस्ती लोकांनाही दिसत असणारच. तरी त्यांनी ते बदललं नाही. मार्काच्या शुभवर्तमानाच्या सर्वांत जुन्या संपूर्ण प्रती चौथ्या शतकातल्या आहेत. त्यांत शेवट असा आहे की त्या बायका थरथर कापत कबरेपासून पळाल्या आणि कोणाला काही बोलल्या नाहीत, कारण त्या भ्याल्या होत्या. तिथेच पुस्तक संपतं. मरण सोसवत नाही म्हणून रचलेल्या गोष्टीचा शेवट असा भेदरलेला नसतो.

यामुळे गणितासारखं सिद्ध होतं का? नाही. शेवटी हा भरवशाचा प्रश्न आहे. हे घडलं असं मी मानतो. माझं सगळं आयुष्य मी त्यावर टाकलं आहे. पण शंका आली म्हणजे विश्वास गेला, हे साफ चुकीचं आहे. मत्तयाच्या शेवटच्या अध्यायात अकरा शिष्य गालीलातल्या डोंगरावर उठलेल्या येशूला प्रत्यक्ष पाहतात, नमन करतात, आणि पुढचंच वाक्य आहे: कित्येकांना संशय वाटला. येशू त्यांना बाजूला काढत नाही. जगभर जाण्याची आज्ञा संशय असलेल्यांना आणि नसलेल्यांना एकत्रच दिली गेली.

आता त्या भांडणाबद्दल. पत्रात तुम्ही एका ओळीत लिहून पुढे गेलात, पण सगळ्यांत जास्त टोचतंय ते तेच, असं मला जाणवलं. शेवटचे शब्द कडू होते, आणि आता ते बदलता येत नाहीत.

पेत्राचंही असंच होतं. येशू जिवंत असताना पेत्र त्याच्याविषयी शेवटचं बोलला ते ‘मी त्याला ओळखत नाही’. तीनदा. प्रमुख याजकाच्या अंगणात, थंडीत, कोळशाच्या शेकोटीपाशी. मग येशू मेला आणि ते शब्द तिथेच गोठले. योहानाच्या शेवटच्या अध्यायात पेत्र रात्रभर मासे धरायला जातो, हाती काही लागत नाही, पहाटे किनाऱ्यावर कोणीतरी उभं दिसतं. जवळ येऊन बघतात तो कोळशाचा विस्तव पेटवलेला, त्यावर मासळी, आणि भाकर. कोळशाच्या विस्तवासाठीचा हा ग्रीक शब्द नव्या करारात फक्त दोनदा येतो: त्या अंगणात आणि या किनाऱ्यावर. जेवण झाल्यावर येशू तीनदा विचारतो, तू माझ्यावर प्रेम करतोस का? जितक्या वेळा नाकारलं तितक्या वेळा त्याला पुन्हा बोलायची संधी मिळते.

म्हणून ‘पुनरुत्थानाचा माझ्यासाठी अर्थ काय’ याचं माझं उत्तर आधी इथे आहे. मृत्यूने तोडलेलं बोलणं पुन्हा सुरू होऊ शकतं. तुमचं त्या रात्रीचं बोलणं संपलेलं नाही, मधेच थांबलं आहे. पेत्राला तीन दिवस आणि आणखी थोडा काळ थांबावं लागलं, तुम्हांला फार जास्त थांबावं लागेल. मी ते कमी करून सांगत नाही. पण तोवर जे म्हणायचं राहिलं ते प्रभूपाशी बोला, मोठ्याने बोला. आणि क्षमा तर आजच मिळते, तिच्यासाठी त्या दिवसापर्यंत थांबायची गरज नाही.

हे सगळं देहासकट आहे, हेही सांगायला हवं. सांत्वनाच्या गर्दीत ते बुडून जातं. आत्मा अमर आहे, देह गेला तर गेला, असं पुष्कळ ख्रिस्ती लोकही म्हणतात. पण आपण मतांगीकारात, म्हणजे आपल्या विश्वासाच्या कबुलीत, ‘देहाचे पुनरुत्थान’ म्हणतो. उठलेला येशू शिष्यांसमोर भाजलेल्या माशाचा तुकडा खातो. थोमाला जखमांचे व्रण दाखवतो. तो लाजारासारखा परत आलेलाही नाही. लाजार प्रेतवस्त्रांत गुंडाळलेला बाहेर आला, आणि पुढे कधीतरी मेला. येशूची वस्त्रं कबरेतच राहिली, कारण त्याला ती पुन्हा लागणार नव्हती. पौल बीज आणि रोपाचा दाखला देतो: पेरलेलं आणि उगवलेलं सारखं दिसत नाही, पण उगवतं तेच. तुमच्या नवऱ्याचे हात, त्यांचा आवाज, मुलाला उचलून घेणारे खांदे हे देवाच्या लेखी टाकाऊ नाहीत. तुम्हांला त्यांच्या देहाची आठवण येते, कुशीवर वळल्यावर रिकामी जागा लागते, यात अध्यात्माची कसली कमतरता नाही.

मला एक चित्र नेहमी आठवतं. इस्तंबूलमधल्या एके काळच्या खोरा चर्चला लागून एक लांबट दालन आहे. ते दफनासाठीच बांधलं होतं, भिंतींत थडग्यांचे कोनाडे आहेत. चौदाव्या शतकाच्या सुरुवातीला त्याच्या टोकाच्या अर्धगोल छतावर पुनरुत्थानाचं भित्तिचित्र काढलं गेलं. पांढऱ्या वस्त्रांतला ख्रिस्त अधोलोकाच्या, म्हणजे मेलेल्यांच्या जगाच्या, मोडलेल्या दारांवर पाय रोवून उभा आहे. खाली कुलपं, कड्या, किल्ल्या विखुरल्या आहेत. एका हाताने तो आदामाला आणि दुसऱ्याने हव्वेला थडग्यातून वर ओढतो आहे, इतक्या जोरात की आदाम जवळजवळ हवेत आहे. त्याने त्यांचे हात नव्हे, मनगटं धरली आहेत. मेलेल्या माणसाला समोरच्याचा हात घट्ट धरता येत नाही, म्हणून सगळी पकड ओढणाऱ्याचीच. तुमच्या हातात सध्या विश्वासाची पकड उरली नसेल, तरी या चित्राकडे पाहून मला तुमच्याबद्दल भीती वाटत नाही.

राहिला ईस्टरचा दिवस. गायनवृंदाला यंदा सरळ कळवा की मी गाणार नाही. कारणं देत बसू नका. जमलं तर आदल्या शनिवारी थोडा वेळ चर्चमध्ये जा. शुक्रवार आणि रविवार यांच्यामधला तो दिवस तुमच्यासारख्यांचाच आहे. त्या दिवशी येशू कबरेत होता, शिष्यांना पुढचं काही ठाऊक नव्हतं, आणि मंडळी त्या दिवशी काही साजरं करत नाही, फक्त थांबते. रविवारी जावंसं वाटलं तर मागच्या बाकावर, दाराजवळ बसा. गीतं इतरांना गाऊ द्या. मंडळी असते ती यासाठीच, एकाचा आवाज फुटेना की बाकीचे त्याच्या वाटचं गातात. मधेच बाहेर यावंसं वाटलं तर या. आणि या रविवारी जमलंच नाही, तरी पुढे पेंटेकॉस्टच्या सणापर्यंत पन्नास दिवस ईस्टरचाच काळ आहे. पूर्वेकडच्या मंडळ्यांत ईस्टरच्या रात्री एक फार जुना उपदेश वाचतात, तो चौथ्या शतकातले धर्मगुरू योहान ख्रिसोस्तोम यांच्या नावावर आहे. जो पहिल्या तासाला आला त्याने यावं, अगदी शेवटी, अकराव्या तासाला आला त्यानेही यावं, उपवास केला त्याने आणि केला नाही त्यानेही, सर्वांनी आनंदात भागी व्हावं, असं त्यात म्हटलं आहे. अकराव्या तासाच्या माणसाला तो उशिराची भीती बाळगू नको असं सांगतो.

मंडळीतल्या एखाद्या जवळच्या बहिणीला मात्र आधीच सांगून ठेवा: मला काही समजावू नकोस, फक्त शेजारी बस. लोकांना काय करावं ते कळत नाही म्हणून ते बोलतात.

मुलाशी बोललात की तो काय म्हणाला ते मला कळवा. तो बहुधा लगेच पुढचा प्रश्न विचारील, ‘बाबा मला ओळखतील का? तेव्हा मी मोठा झालो असेन.’ तेव्हा मरीयेची गोष्ट सांगा. तिला तो ओळखू आला नव्हता, पण त्याला तिचं नाव माहीत होतं.

तुमच्यासाठी आणि त्याच्यासाठी प्रार्थना करतो आहे.